सेत, डोरे, पानी

मी दातांची डॉक्टर आहे असं सांगितलं की समोरचा माणूस नकळत तोंड मिटतो. पुढचं शिक्षण कवळ्यांच्या विषयात घेतलं आणि प्रबंध 'कवळी घातल्यावर माणूस कसा बोलतो' यावर लिहिला असं सांगितलं, की मिटलेलं तोंड पुन्हा उघडतं. "यावर पण संशोधन असतं?" असतं. मी ते केलं, आपल्या गोंदिया जिल्ह्यात केलं, आणि त्याबद्दल मला वाटतो तो अभिमान लपवायचं मी आता सोडून दिलं आहे.

विषय मला घरातच मिळाला. माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाच्या बायकोला आम्ही मोठी माय म्हणतो. सडक अर्जुनीहून थोडं आत आमचं गाव आहे, आणि आमच्या वस्तीतल्या विहारात वंदना म्हणायला सुरुवात करायची ती मोठ्या मायनं, असं माझ्या जन्माच्या आधीपासून ठरलेलं. धानाच्या रोवणीच्या दिवसांत गुडघ्यापर्यंत चिखलात राबणारी ही बाई संध्याकाळी पांढरं लुगडं नेसून समोर बसली की तिचा आवाज विहाराबाहेरच्या हातपंपापर्यंत जायचा. आम्हा पोरांना पाठांतर तिनंच दिलं. कुणी पुटपुटलं की ती थांबायची आणि म्हणायची, "तोंड उघडून म्हना. बुद्धाले ऐकू येते, पन बाजूवाल्याले बी आलं पाहिजे ना."

मी नागपूरला बीडीएस करत होते तेव्हा तिच्या हिरड्या खराब झाल्या. दात हलायला लागले, एकेक करून काढावे लागले. शेवटचा दात गेल्यानंतरच्या सुटीत मी घरी आले, विहारात गेले, तर पुढं मोबाईल ठेवलेला आणि त्यातून कुण्या शहरातल्या गायकाच्या आवाजात वंदना चाललेली. मोठी माय मागं भिंतीशी बसली होती, तोंडावर पदर धरून.

घरी आल्यावर मी विचारलं, "तू काऊन नाही म्हणत आता?"

"माया तोंडातून आता सबद नाई निघत व, हवाच निघते," ती म्हणाली. "मोबाईल चांगला म्हनते. त्याले दात नाई लागत."

ती हसली, मीही हसले. पण ते मनात राहिलं.

एमडीएसला प्रवेश मिळाल्यावर प्रबंधाचा विषय निवडायची वेळ आली. माझ्या बरोबरची बहुतेक मुलं जबड्यात स्क्रू बसवून दात लावण्याच्या मागं होती. मी आमच्या मार्गदर्शक मॅडमकडं गेले आणि मोठ्या मायची गोष्ट सांगितली. मॅडम पुण्याच्या. शिस्तीच्या, कमी बोलणाऱ्या, हातात कवळी घेतली की पाच बोटांनी तिला वाचणाऱ्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मायेनं प्रबंध होत नाही. प्रश्न काय आहे ते सांग."

मी म्हटलं, "कवळी घातल्यावर काही लोकांचे उच्चार बिघडतात. नेमके कुठं बिघडतात, ते जिभेला विचारायचं आहे."

त्यांनी पहिल्यांदा वर बघितलं. मग कपाटातून एक जुनी कवळी काढली, तिच्या टाळूच्या भागावर पांढरी भुकटी फुंकरली आणि मला ती पद्धत समजावून सांगितली. वरच्या कवळीच्या आतल्या बाजूला अशी भुकटी लावायची, ती माणसाच्या तोंडात बसवायची आणि एक अक्षर म्हणायला सांगायचं. जीभ जिथं टेकते तिथली भुकटी पुसली जाते. कवळी बाहेर काढली की जिभेचा ठसा दिसतो. 'स' म्हणताना जीभ दोन्ही बाजूंना टेकते आणि मधून हवेला एक बारीक वाट ठेवते. ती वाट रुंद झाली की शब्द पसरट होतो, फार अरुंद झाली की शिट्टी वाजते. कवळी जिथं जाड असेल तिथं थोडं घासायचं, पातळ असेल तिथं थोडं भरायचं. डोळ्यांना न दिसणारा आवाज असा हातात धरता येतो हे मला त्या दिवशी कळलं, आणि मी त्या विषयाची झाले.

नागपूरला येणारे रुग्ण चार जिल्ह्यांतले, बोलणं चार तऱ्हेचं. मॅडम म्हणाल्या, एकाच भागातली माणसं घे. मी म्हटलं, माझ्याच भागातली घेते. तालुक्याच्या रुग्णालयात दातांची एक खुर्ची होती, ती शनिवार-रविवार वापरायची परवानगी मिळाली. मोठ्या मायला अभ्यासात घेता येणार नव्हतं, घरचं माणूस मोजायचं नाही असा नियम. पण कवळी करायला नियम आडवा येत नव्हता. माझी पहिली कवळी मी तिची केली.

माप घेताना ती डोळे गच्च मिटून बसली. मेणात दात लावून बघितले तेव्हा आरशात स्वतःकडं बराच वेळ बघत राहिली. आणि भुकटी लावायला लागले तेव्हा म्हणाली, "तोंडाले लावाची पावडर कवळीले लावून राहिली काय व?" तिला 'स' म्हणायला सांगितलं तर ती एकटा 'स' म्हणेना. तिला ते पोरकट वाटलं. मग मी म्हटलं, 'बुद्धं सरणं' म्हण. ती लगेच सावरून बसली आणि म्हणाली. कवळी काढून बघितली, हवेची वाट जरा रुंद होती. पुढच्या दातांच्या मागं किंचित मेण भरलं. पुन्हा म्हणायला लावलं. तिसऱ्या खेपेला तिनं स्वतःच माझ्याकडं बघितलं. ठसा बघायच्या आधी दोघींनाही कानांनी कळलं होतं.

तयार कवळी घेऊन ती लगेच विहारात गेली नाही. आधी घरात म्हटलं, मग शेतात एकटीनं म्हटलं, असं मोठ्या बाबांनी मला नंतर सांगितलं. एका रविवारी सकाळी मी घरी होते. विहारात सगळे जमले, एका मुलानं मोबाईल सुरू करायला हात पुढं केला, तर मोठी माय मागून उठून पुढं आली आणि म्हणाली, "राहू दे बापू. मी म्हनतो." तिनं सुरुवात केली. आवाज पूर्वीइतका मोठा नव्हता, थोडा कापत होता, पण एकेक शब्द धुतल्यासारखा स्वच्छ होता. वस्तीतल्या बायका एकमेकींकडं बघत होत्या. माझ्या शेजारी बसलेल्या वडिलांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि वंदना संपेपर्यंत काढला नाही. मला तेव्हा वाटलं की माझा प्रबंध झालाच.

तो झाला नव्हता. खरी अडचण पुढंच होती.

अभ्यासासाठी आम्ही काही ठरलेले शब्द घेतले होते. वेगवेगळी अक्षरं येतील असे साधे, घरातले शब्द. शेत, डोळे, पाणी, असे. बहुतेक म्हाताऱ्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून मी वस्तूचं चित्र दाखवायचे, ती माणसं शब्द म्हणायची, मी आवाज टिपून घ्यायचे आणि कवळीवरच्या ठशाचा फोटो काढायचे. तो आवाज नागपूरला दोन तज्ज्ञ ऐकायचे आणि कोणता उच्चार बरोबर, कोणता चूक, ते सांगायचे. त्यांना रुग्ण कोण ते माहीत नसायचं. सगळं नीट, नियमानं.

आणि निकाल यायला लागला तो असा, की माझ्या कवळ्या घालणारे जवळजवळ सगळेच नापास. 'श' चुकतो, 'ण' चुकतो, 'ळ' तर कुणालाच येत नाही. मॅडमनी आकडे बघितले आणि म्हणाल्या, "टाळूच्या मागच्या भागात जाडी जास्त आहे. जीभ वर वळायला जागा नाही, म्हणून 'ण' आणि 'ळ' जातात. पातळ कर." त्यांचं म्हणणं पुस्तकाप्रमाणं अगदी बरोबर होतं. मी कवळ्या पातळ केल्या.

त्यांतली एक नवेगाव बांधच्या एका बाबाजींची होती. ते ढीवर, सगळं आयुष्य तलावावर मासे धरण्यात गेलेलं. दात गेल्यावर त्यांच्या हाका दुसऱ्या डोंग्यावरच्या माणसांना समजेनात, म्हणून ते माझ्याकडं आले होते. कवळी बसल्यावर खूश होते. मी ती परत मागून पातळ केली तेव्हा त्यांच्या कपाळाला आठी पडली, पण ती घालून गेले. पुढच्या शनिवारी ते न बोलावता आले. खिशातून कागदाची पुडी काढून माझ्यासमोर उघडली. आत कवळीचे दोन तुकडे होते.

"हे घ्या तुमची बत्तीसी," ते म्हणाले. "पहिले चांगली होती. तुमी पातर केली, मी फुटाने खाल्ले अन् मोडली. मासे सोडून येऊन राहिलो मी इकडे."

मी ओशाळले. माफी मागितली, नवी करून देते म्हटलं आणि मापासाठी त्यांना खुर्चीत बसवलं. मापाचं मिश्रण कालवता कालवता बोलायचं म्हणून मी त्यांना विचारलं, उच्चार आधीच्या कवळीनं बरे होते की नंतरच्या?

"दोन्हीनं बरोबर. मानसाले समजते ना आता मी काय म्हनतो ते."

माझा हात थांबला. मी माझ्या डोळ्याकडं बोट केलं. "बाबाजी, याला काय म्हणता?"

"डोरा."

"आणि तुमचे स्वतःचे दात होते तेव्हा?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी बरी नाही. "डोराच. दात पडले म्हून डोरा बदलते काय?"

मिश्रण भांड्यातच घट्ट झालं. मी खुर्चीशेजारच्या स्टुलावर बसले. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मी स्वतः बारावीपर्यंत पानीच म्हणत होते, सेतच म्हणत होते. आमच्या झाडीबोलीत 'श' नाही, 'ण' नाही, 'ळ' नाही. डोळ्याला आम्ही डोरा म्हणतो, केळीला केरी. नागपूरच्या होस्टेलवर पहिल्या वर्षी मी "पानी संपलं" म्हटलं तेव्हा खोलीतल्या मुली हसल्या होत्या, वाईट मनानं नाही, पण हसल्या होत्या. मी गुपचूप आरशासमोर 'ण' आणि 'ळ' घोटले. इतके घोटले की कान आणि जीभ दोन्ही नव्या झाल्या आणि जुनं बोलणं घरच्या चपलेसारखं उंबरठ्याशी राहिलं. म्हणून माझ्याच गावच्या माणसांचे शब्द मला चुकीचे ऐकू आले होते.

चूक कवळीत नव्हती. आम्ही त्यांना परक्या बोलीत परीक्षा द्यायला लावत होतो.

पण हे मॅडमना नुसतं सांगून चालणार नव्हतं. मी नागपूरला परत गेले, बाबाजींच्या आणि इतरांच्या ठशांचे फोटो त्यांच्या टेबलावर मांडले. शेताचं चित्र दाखवल्यावर उमटलेला ठसा आणि नुसत्या 'स'चा ठसा शेजारी शेजारी ठेवले. दोन्ही सारखे. जीभ 'श'कडं जायला निघून अडखळली, असं कुठंच दिसत नव्हतं. ती थेट 'स'वर जात होती आणि तिथलं काम चोख करत होती.

मॅडमनी एकेक फोटो वाकून बघितला. "ही तुझी समजूत झाली," शेवटी म्हणाल्या. "पुरावा काय? त्याच भागातली, त्याच वयाची, स्वतःचे दात असलेली माणसं काय म्हणतात? ते दाखव. तीही तसंच बोलत असतील तर मी मानेन."

मग कॉलेजच्या नीतिसमितीकडून नव्यानं परवानगी घेतली आणि मी अस्सल दात असलेली म्हातारी माणसं शोधायला निघाले. आमच्याकडं हे सोपं नाही. खर्रा आणि तंबाखूनं पन्नाशीतच तोंड रिकामं होतं. हायवेला वडिलांचं टायर दुरुस्तीचं दुकान आहे. ते त्यांनी शनिवार-रविवार सोबतच्या कारागिरावर सोपवलं आणि मला मोटरसायकलवर घेऊन फिरू लागले. वडील दिवसभर ट्रकवाल्यांशी हिंदी बोलतात, रायपूरकडच्यांशी छत्तीसगडी, गावातल्या पोवार शेतकऱ्यांशी पोवारी आणि घरी आमची बोली. एकीकडून दुसरीकडं जाताना त्यांना कधी थांबावं लागत नाही. मी त्यांना माझी अडचण सांगितली तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे आमी चुकीचं नाई बोलत, हे तुले सिद्ध कराचं हाय? त चाल, चिचगडकडे जाऊ. तिकडच्या जंगलातल्या बायांचे दात लोखंडाचे हायेत."

खरंच होते. चिचगडच्या आसपासच्या वस्त्यांत मोहाची फुलं वेचणाऱ्या, तेंदूपानं तोडणाऱ्या बाया भेटल्या. केस पांढरे, दात जागच्या जागी. काहींच्या घरी गोंडी बोलत, त्यांना अभ्यासात घेतलं नाही, पण चहा त्यांनीच पाजला. बाकीच्यांच्या टाळूला भुकटी लावायची, शब्द म्हणवून घ्यायचा, आरसा धरून ठशाचा फोटो घ्यायचा. वडील दाराशी बसून पुढच्या बाईला समजावत. "काई नाई होत माय. पोरगी डाक्टर हाय, तुमची बोली लिहून घेऊन राहिली." मी त्यांना सांगितलं होतं की बोली नाही, उच्चार. त्यांनी ते ऐकून सोडून दिलं, आणि आता वाटतं त्यांचंच बरोबर होतं.

त्या सगळ्या जणी सेत म्हणाल्या, डोरे म्हणाल्या, पानी म्हणाल्या. स्वतःच्या बत्तीस दातांनी. आणि त्यांच्या टाळूवरचे ठसे माझ्या रुग्णांच्या कवळ्यांवरच्या ठशांशी जुळले.

मॅडमनी ते फोटो बघितले. चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, "आधीचा निकाल रद्द. शब्द बदल. त्यांच्या बोलीतले घे आणि ऐकायलाही त्यांच्यातलीच माणसं घे. आणि प्रबंधात हे सगळं लिही, आपण पहिल्यांदा काय चुकलो ते धरून." 'आपण' म्हणाल्या, 'तू' नाही. त्या शब्दासाठी मी त्यांना आयुष्यभर मानीन.

नव्या शब्दांनी पुन्हा सगळ्यांना बोलावलं. यावेळी ज्यांची कवळी खरोखर बिघडलेली होती ती दिसायला लागली. एका आजीचा 'स' शिट्टी मारत होता, तो दोन बैठकांत सुधारला. एकांचे दात 'च' म्हणताना एकमेकांवर आपटत होते, त्या दातांची उंची कमी केली. आधीच्या गोंधळात ही माणसं बाकीच्यांत हरवून गेली असती. बाबाजींना मी जाड टाळूची नवी कवळी दिली आणि त्यांनी ती माझ्यासमोरच फुटाणे खाऊन तपासली.

तोंडी परीक्षेला बाहेरून दोन परीक्षक आले होते. माझं मांडून झाल्यावर त्यांतले ज्येष्ठ म्हणाले, "उद्या कुणी म्हणेल, अशुद्ध बोलणाऱ्यांना तुम्ही शुद्ध ठरवताय."

मी घाबरले नाही, याचं मला आजही नवल वाटतं. मी म्हटलं, "सर, पालीतही 'श' नाही. आमच्या विहारात रोज पाली म्हणतात, तिला कुणी अशुद्ध म्हणत नाही. दंतवैद्यानं माणसाला त्याचं बोलणं परत द्यायचं असतं. दुसऱ्याचं बोलणं त्याच्या तोंडात बसवायचं नसतं. कवळी माणसाच्या मापाची करतो, तर शब्दही त्याच्याच मापाचे हवेत."

ज्येष्ठ परीक्षकांनी समोरचा प्रबंध मिटला. मग ते म्हणाले, "तुम्ही स्वतः काय म्हणता? डोळे की डोरे?"

"इथं डोळे. घरी डोरे."

"दोन्ही म्हणून दाखवा."

मी दाखवलं. ते हसले आणि मॅडमकडं वळून इंग्रजीत काहीतरी म्हणाले, त्यातला 'ओरिजिनल' एवढाच शब्द मला ऐकू आला. बाहेर आल्यावर वडिलांचा फोन आला. मागं ट्रकचे हॉर्न वाजत होते. "काय झालं व?" मी कॉलेजच्या त्या लांब व्हरांड्यात, ज्युनिअर मुलामुलींच्या घोळक्यात उभी राहून मोठ्यानं म्हटलं, "पास झालो बाबा. लय चांगलं झालं." आमच्याकडं बायाही झालोच म्हणतात. दोन-तीन जणांनी वळून बघितलं. मी त्यांच्याकडं बघून मान हलवली आणि बोलत राहिले.

पदवी मिळाल्यावर मी सडक अर्जुनीला दवाखाना टाकला. मागच्या हिवाळ्यात मॅडम त्यांच्या नव्या विद्यार्थ्यांना घेऊन नवेगाव बांधला शिबिराला आल्या. विद्यार्थी कवळी घातलेल्यांचे उच्चार तपासत होते, आम्ही दोघी बाजूला उभ्या होतो. एका विद्यार्थ्यानं एका आजीला केळीचं चित्र दाखवलं, ती "केरी" म्हणाली, आणि त्यानं चूक म्हणून खूण करायला पेन उचललं. मॅडम दोन पावलांत तिथं पोचल्या. त्यांनी त्याचं पेन अलगद खाली केलं, आजीसमोर उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "आजी, तुमच्याकडं याला केरीच म्हणतात ना?"

"मंग काय म्हनतेत?" आजी म्हणाली.

"केरी," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या पुणेरी तोंडात तो शब्द जरा अवघडून बसला.

आजीनं त्यांच्याकडं नीट बघितलं. "बरोबर म्हनलं," ती म्हणाली, "पन जरा जोरानं म्हना."

मॅडमनी जोरानं म्हटलं. रांगेतले सगळे हसले, तोही मुलगा हसला, आणि मी पुढच्या माणसाला खुर्चीत बसायला सांगितलं.